एक डोळा दर्यावर

आमच्या फुटबॉल क्लबाने साजरा केलेला पहिला विजय म्हणजे पाच गोलांनी झालेला पराभव होता. वाचणाऱ्याला यात काहीतरी घोटाळा वाटेल. घोटाळा होताच, आणि त्याच्या मुळाशी आबा होते.

आबांचे खरे नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावाने त्यांना फक्त पोस्टमनने ओळखले असते आणि आबांना पत्र कधी येत नसे. अंग सुक्या बोंबलासारखे, डोक्याला तांबडा फडका, कमरेला जेमतेम लाजेपुरते वस्त्र, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून बोलले तर होडीतल्या माणसाने मान खाली घालावी. वाडी त्यांना वेडे म्हणत असे. फुटबॉलच्या बाबतीत तर ठार वेडे. पण वेड्यालाही वाडीत एक काम असते, आणि आबांचे काम असे होते की त्यावर सगळ्या वाडीची चूल पेटत असे.

आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या वाटेवर. वाडीचे पोट रापणीवर. रापण म्हणजे लांबच लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा, मग तो म्हातारा असो, विधवा असो की सकाळीच आलेला पाहुणा असो. पण जाळे टाकायचे कुठे, हे सांगायला एक माणूस लागतो. त्याच्यासाठी पाण्याजवळच्या वाळूच्या उंचवट्यावर बांबूची माची बांधलेली असे. तिच्यावर बसून तो दिवसभर पाण्याचा रंग बघतो. बांगड्यांचा थवा आला की पाणी काळपट होते आणि त्यावर बारीक थरथर दिसते. तसे दिसले की त्याने हाकारो घालायचा, म्हणजे लांबलचक हाक मारून वाडी गोळा करायची, आणि फडका हलवून होडीला दिशा दाखवायची. आमच्या माचीवर आबा बसत. त्यांच्या आधी त्यांचे वडील बसत.

या कामाचा एक नियम होता. हाक एकाचीच. दुसऱ्या कोणाला मासा दिसला तरी त्याने तोंड उघडायचे नाही. दहा जणांनी दहा दिशा दाखवल्या तर होडी बिचारी जाणार कुठे? म्हणून तांडेल, म्हणजे आमच्या रापणीचा म्होरक्या, तोसुद्धा माचीकडे बघून थांबत असे. आबांनी हाक मारली की मासा आला, नाही मारली तर नाही आला.

आता बॉलाकडे येतो. पन्नासच्या सुमाराला वाडीतला एक माणूस आगबोटीवर खलाशी होता. तो सुटीवर आला तो कातड्याचा बॉल घेऊन. त्याने आम्हा पोरांना खेळ शिकवला, क्लब काढला आणि शेजारच्या गावाशी सामना ठरवूनही टाकला. खेळणाऱ्यांना नियम शिकवले, पण बघणाऱ्यांना काही शिकवावे लागते हे त्याच्या ध्यानात आले नाही. मैदान म्हणजे माचीमागची घट्ट वाळू. प्रेक्षक माडांच्या बाजूच्या चढावर बसले. त्यांच्या समोर मैदान, मैदानापलीकडे आबांची माची आणि माचीपलीकडे दर्या. आमच्या गोलाला रापणीचे एक जुने जाळे बांधले होते. पाहुण्यांच्या गोलाला नुसतेच दोन बांबू, कारण दुसरे जाळे शिल्लक नव्हते.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात बॉल आमच्या जाळ्यात गेला. आबा माचीवर ताडकन उभे राहिले आणि त्यांनी फडका उडवला. जाळे आपले, त्यात काहीतरी येऊन अडकले, म्हणजे मिळकत आपली. यात विचार करण्यासारखे काय होते? आबांची आरोळी ऐकून सगळी वाडी ओरडली. दुसरा गोल बसला तेव्हा बायका नाचल्या. तिसऱ्याला तांडेलाने गोलकीपरला मिठी मारली. तो बिचारा सांगत होता, "अहो, ह्या वायट झाला," पण तांडेलाला वाटले पोरगा विनयाने बोलतो आहे. पाच गोल झाले आणि गोलकीपरला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली. पाहुण्यांचा संघ तोंडात बोटे घालून बघत होता. हरल्यावर इतका आनंद मानणारे दिलदार प्रेक्षक आपण जन्मात बघितले नाहीत, असे ते पुढे तालुकाभर सांगत सुटले. आमच्या वाडीची ती कीर्ती अजून पुसलेली नाही.

खलाशाने संध्याकाळी आबांना बाजूला घेऊन खरा प्रकार सांगितला.

"म्हणजे आमी हरलंव?"

"होय."

"मगे जाळा बांधलास कित्याक?"

"बॉल अडाक होयो म्हणान."

"आपला जाळा बांधूचा, आणि त्यात काय येवक देवचा नाय. वर दुसऱ्याच्या दारात जावन आपलो मासो टाकूचो आणि उड्यो मारूच्यो. ह्यो खेळ कोणी काढल्यान रे? तो कधी दर्यार गेल्लो काय?"

दुसऱ्या दिवशी आबा स्वतःहून मैदानावर आले. आपण सगळ्या वाडीला उलटे ओरडायला लावले, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. गोलकीपरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काल मी तुज्या नावान चुकीचा ओरडलंय. आता जलमभर बरोबर ओरडान ता भरून काढतंय." तेव्हापासून आमच्या क्लबाला आबांसारखा पाठीराखा लाभला, आणि आबांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकीला, सवत.

आबांनी क्लबाला कधी 'ते' म्हटले नाही. नेहमी 'आमी'. आमी हरलंव, आमचो पाय मुरगाळलो, आमका पंचान फसवल्यान. क्लब हरला की आबा जेवत नसत. आम्ही बहुतेक वेळा हरत असू. काकी म्हणायची, "बॉल इल्यापासून तांदूळ उरतत."

सामन्याच्या दिवशीही आबांना माची सोडता येत नसे. मासा काय तुमचे सामने बघून येतो? त्यामुळे आबा तोंड दर्याकडे करून बसत आणि दर दोन क्षणांनी मान वळवून मैदान बघत. एक डोळा दर्यावर, एक डोळा बॉलावर, असे ते स्वतःच सांगत. वर्षानुवर्षे असे केल्याने त्यांच्या मानेला कायमचा पीळ पडला होता आणि सरळ चालतानाही ते कोणीतरी हाक मारल्यासारखे दिसत. होडीला सूचना देण्याची सवय, तीच भाषा आम्हाला. "भायर घे, भायर. आता वळय. सोड, सोड." आमचा एक खेळाडू रापणीच्या होडीवर वल्हे मारणारा होता. आबांचा आवाज आला की त्याचे डोके बंद पडून अंग चालू होत असे. एकदा आबांनी "भायर घे" म्हटले आणि गडी बॉल घेऊन मैदान ओलांडून, माचीला वळसा घालून, थेट गुडघाभर पाण्यात गेला. पंच शिट्टी फुंकून दमला. वळायला सांगायचे आबा विसरले होते, कारण तेवढ्यात त्यांनी मान दर्याकडे फिरवली होती.

सामन्याआधी आबा गाऱ्हाणे घालत. नारळ हातात घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहत आणि सगळी वाडी मागून 'होय म्हाराजा' म्हणत असे. "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरा बॉल घेवन मैदानात उतारली हत. तेंच्या पायांक यश दी रे म्हाराजा." होय म्हाराजा. "समोरच्यांचो तो लांब टांगांचो झील आसा, तेच्या पायांक काय एक जावचा नाय. फक्त तेका बॉल गावानसो करू नको रे म्हाराजा." होय म्हाराजा. "आणि पंचाक तुज्या मनात येयत तितक्याच दिसांदे रे म्हाराजा." होय म्हाराजा. एका पंचाने याला हरकत घेतली होती. आबांनी त्याला शांतपणे विचारले, "तुमका देवाची हरकत आसा, की कमी दिसण्याची?" पंचाने हरकत मागे घेतली आणि त्या दिवशी आम्ही चार गोलांनी हरलो.

पण इतके वेड असूनही माचीवरच्या माणसाचे काम आबा विसरत नसत, हे मला मुद्दाम सांगायला हवे. एका वर्षी आम्ही सामना खेळत होतो, बरोबरी होती आणि आमचाच गडी बॉल घेऊन गोलाकडे निघाला होता. समोर कोणी नव्हते. तेवढ्यात माचीवरून हाकारो आला. त्या गड्याने बॉल तिथेच सोडला आणि तो दोराकडे पळाला. आम्ही सगळेच पळालो. समोरचा संघ क्षणभर उभा राहिला आणि मग तोही पळाला, कारण दोराला हात लावला की वाटा, हे त्यांनाही ठाऊक होते. शेवटी पंच शिट्टी तोंडात धरून दोर ओढत होता. सामना तसाच राहिला. संध्याकाळी पाहुणे बांगडे घेऊन घरी गेले. आबा मात्र रात्री जेवले नाहीत. "गोल व्हता," एवढेच म्हणत राहिले. काकीने विचारले, "मगे हाकारो घातलात कित्याक?" तेव्हा आबा तिच्यावर खरोखर चिडले. "मासो इलो गो. मासो इलो तर हाक मारूक नको?"

साठ साल उलटल्यानंतरची गोष्ट. त्या वर्षी पावसाळा संपला, नारळी पुनव होऊन गेली, होड्या पाण्यात गेल्या, पण मासा आला नाही. जाळे टाकावे आणि मूठभर कचरा ओढावा, असे चालले होते. दिवाळी तोंडावर आली तरी वाडीत पेज आणि मीठ. माझी आई सकाळी सुके मासे विकायला वरच्या गावांत जायची आणि टोपलीत अर्धे तसेच परत घेऊन यायची. आबा पहाटेपासून माचीवर बसत आणि अंधार पडला की मान खाली घालून उतरत. जणू मासा त्यांनीच अडवून ठेवला होता.

आणि नेमका त्याच वर्षी आमचा क्लब तालुक्याच्या स्पर्धेत ढालीच्या शेवटच्या सामन्यात पोचला. कसा पोचला हे विचारू नये. तरी सांगतो. उपांत्य सामन्यात समोरचा संघ आलाच नाही. तो खाडी ओलांडून यायचा होता आणि ऐन ओहोटीला त्यांची होडी गाळात रुतली. सामन्याची वेळ आबांनी ठरवली होती आणि त्या दिवशीची तिथी त्यांना पाठ होती, एवढे सांगून मी पुढे जातो.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर, वरच्या एका गावाच्या संघाशी. ती शेतकऱ्यांची पोरे, भाताकाजूवर वाढलेली, पायांत कॅनव्हासचे बूट. आमचे अनवाणी पाय आणि पोटात पेज. मी लेफ्ट हाफ होतो. सगळी वाडी चढावर. म्हातारी माणसे उचलून आणली होती. ढाल टेबलावर ठेवली होती आणि कोणीतरी ती सारखी पुसत होते.

पहिला गोल त्यांनी केला. विश्रांतीनंतर आम्ही फेडला. कसा झाला ते कोणालाच नीट कळले नाही, पण बॉल त्यांच्या बांबूंमधून गेला हे पंचाने मान्य केले. मग शेवटचा भाग आम्ही असा खेळलो की तसे ना आधी खेळलो ना नंतर. बॉल त्यांच्या बाजूला होता, वाडी ओरडत होती आणि मला बॉलापलीकडे काही दिसत नव्हते. मध्येच एकदा वाटले की ओरडा थोडा थांबला. क्षणभरच. मी म्हटले, दमली असतील. मग पुन्हा आधीपेक्षा मोठा ओरडा सुरू झाला.

गोल काही झाला नाही. बरोबरी. ढाल सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे असे ठरले. आधी कोणाकडे यासाठी नाणे उडवले, तेही आम्ही हरलो. ते ढाल घेऊन गेले. तरी वाडी खूश होती. अर्धी तर अर्धी, ढाल आमची होती.

ती खुशी सूर्य बुडायच्या आत संपली. दक्षिणेकडच्या शेजारच्या वाडीची रापण त्या संध्याकाळी बांगड्यांनी फुटायला आली होती. टोपल्या कमी पडल्या म्हणून त्यांची माणसे टोपल्या मागायला आमच्याकडे आली. त्यांचा म्होरक्या मुद्दाम स्वतः आला. मैदानात आम्ही सगळे होतो. आबा अजून माचीवरच होते.

"काय रे," तो म्हणाला, "थवो तुमच्या दारासून आमच्याकडे इलो. तुमका दिसाक नाय? तुमचो माचीवरचो माणूस निजलेलो, की सगळी वाडी बॉल बघी होती?"

मासा समोरून जात असताना वाडीने बॉल बघितला, ही गोष्ट एकदा बाहेर गेली असती तर मालवणच्या बाजारापासून वेंगुर्ल्यापर्यंत आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पोरींची लग्ने अडली असती. तांडेल खाली बघत उभा होता. मग त्याने मान वर केली.

"आमच्या आबाक आता पयल्यासारख्या दिसणा नाय," तो म्हणाला. "डोळे गेले तेचे."

मी आबांकडे बघितले. ते माचीवर उभे होते आणि तांडेलाकडे बघत होते. दोघांची नजर बराच वेळ अडकून राहिली. मग आबांनी डोळे किलकिले केले, एक हात पुढे धरला आणि शिडीची पायरी पायाच्या अंगठ्याने चाचपत हळूहळू खाली उतरले. तीस वर्षे ज्या माचीवरून ते उडी मारत, तिच्यावरून. शेजारच्या म्होरक्याने चुकचुक केले, टोपल्या घेतल्या आणि गेला.

मला तेव्हा आबांचा भयंकर राग आला. डोळेबिळे काही गेलेले नाहीत, ढालीपायी माणसाने मासा सोडला, हे वाडीतले शेंबडे पोरही समजले होते. घरी आईने त्या रात्रीही पेजच वाढली. पण कोणी आबांना एका शब्दाने बोलले नाही. मला वाटले, केवढी ही वाडीची क्षमा. मी तिघा-चौघांकडे तसे बोलूनही दाखवले. ते दुसरीकडे बघू लागले.

एकदा डोळे गेले म्हटल्यावर ते गेलेलेच राहायला हवेत. माचीवर आबांचा पुतण्या बसू लागला. बरा होता, पण पाण्याकडे बघता बघता त्याला झोप येई. शेजारची वाडी मात्र संशय सोडीना, म्हणून तांडेलाने ठरवले की आबांना चष्मा लावायचा. मालवणात डोळ्यांचे एक डॉक्टर अधूनमधून बेळगावहून येत. कचेरीतली मराठी मला येत होती, म्हणून आबांबरोबर मला धाडले.

डॉक्टरांनी आबांना खुर्चीवर बसवले आणि समोरच्या भिंतीवरच्या चित्रांकडे बोट केले. "काय दिसतं?"

"कायच दिसणा नाय."

"पहिलं मोठं चित्र तरी?"

"खंयचा चित्र? माका भिंतच दिसणा नाय."

डॉक्टरांनी नाकासमोर दोन बोटे धरली. "ही बोटं किती?"

"बोटा काय ती?" आबा म्हणाले. "माका वाटला मेणबत्ती."

डॉक्टर गंभीर झाले. त्यांनी बॅटरी मारून एक डोळा बघितला, दुसरा बघितला, काहीतरी पुटपुटले आणि टिपणासाठी वळले. खोलीच्या खिडकीतून बंदर दिसत होते. आबांची मान सवयीने तिकडे वळली.

"अरे, अरे," आबा उठून उभे राहिले. "तो मेलो नांगर खंय टाकता बघ. थंय खडप आसा. आणि सुकाणूवर झिलाक बसयल्यान. झील निजलो."

डॉक्टर खिडकीशी गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुठली होडी?" ते मला म्हणाले. मलाही नीट दिसत नव्हती. डॉक्टर आबांच्या समोर येऊन बसले. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही."

"झालेला आसा, डॉक्टरांनु," आबा अजिजीने म्हणाले. "वाडीन ठरवल्यान."

डॉक्टरांनी चष्मा लिहून दिला नाही. पण रिकाम्या हाताने जाऊन कसे चालेल? वाडीतल्या शाळेचे जुने मास्तर वारले होते, त्यांचा चष्मा त्यांच्या बायकोने दिला. तो इतक्या जाड भिंगांचा होता की घातला की आबा खरोखरच आंधळे होत. पहिल्याच दिवशी त्यांनी माडाला नमस्कार केला आणि बैलाला तांडेल समजून रामराम घातला. बघणाऱ्यांची खात्री पटली. शेजारच्या वाडीचा म्होरक्यासुद्धा हळहळून गेला.

त्यानंतर आबांचे सामने बघणे म्हणजे एक शिक्षा झाली. त्यांना हात धरून आणायचे, चढावर बसवायचे आणि शेजारी बसून कोणीतरी खेळ सांगायचा. हे काम काकीने मागून घेतले. इतक्या वर्षांचा हिशेब ती चुकता करत होती की काय कोण जाणे. "तो तांबड्या चड्डीवालो धावता," ती सांगे. "आता थांबलो. आता दुसरो धावता. बॉल? बॉल खंय गेलो तो माका काय म्हायत. थांबा, ती बघा तेची आवस इली, केवढी रोडावली ती." आबा चष्म्याच्या वरून बघत आणि दात चावत. एकदा त्यांना राहवले नाही. "अगो, तो तांबडो नाय, तो आमचो गोलकी..." आणि एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे, माका तसा आयकाक इला."

वैशाखात ढाल आमच्याकडे आली, दोन ठिकाणी चेपलेली. मिरवणूक काढून ती आधी आबांपुढे नेली. तांडेलाने त्यांचा हात धरून ढालीवर ठेवला. "हात लावन बघा, आबा." आबांनी डोळे घट्ट मिटले आणि बोटांनी ती सगळी चाचपली, कडा, अक्षरे, चेपलेल्या जागा. कोणी हसले नाही. तांडेल मध्येच उठून माडांकडे निघून गेला. मला ते तेव्हा विचित्र वाटले होते.

पुढे मला रत्नागिरीला नोकरी लागली आणि वाडीला येणे वर्षातून एकदा झाले. एका गणपतीत दुपारी मी पुळणीवर गेलो, तर पुतण्या जेवायला गेलेला आणि माचीवर आबा. चष्मा काढून बाजूला ठेवलेला. मला बघून त्यांनी तो उचलला, मग मी एकटाच आहे हे बघून परत ठेवला. मी वर चढलो. इकडचे तिकडचे बोलणे झाले. क्लब परवाच हरला होता, त्याचे कारण त्यांनी सविस्तर सांगितले. मग माझ्याच्याने राहवले नाही.

"आबा, खरा सांगा. त्या दिवशी थवो तुमका दिसल्लो ना?"

"दिसल्लो," आबा म्हणाले. "लांब होतो तेवाच दिसल्लो."

"मगे ढालीसाठी गप रवलात?"

आबांनी माझ्याकडे असे बघितले की जणू मीच मास्तरांचा चष्मा घातला आहे.

"मी? मी उठलंय. हाकारो घालूक तोंड उघडलंय आणि वाडीकडे वळलंय. बघतंय तर काय, चढावरची सगळी वाडी दर्याकडे बघता. तांडेल बघता. माझी बायल बघता. तुजी आवस, टोपली मांडयेर घेवन बसल्ली, ती बघता. पाणी काळा झालेला सगळ्यांका दिसला. ओरडूची थांबली सगळी." आबांनी एकदा दर्याकडे बघून घेतले. "मगे एकेकान नजर खाली केल्यान आणि बॉलाकडे बघूक लागली. परत ओरडूक लागली. माझ्याकडे कोण बघी ना. मी तोंड उघडा टाकून तसोच उभो. म्हटला, कोणतरी एकलो बघीत, मान हलयीत. कोण नाय."

आई आठवली, तिची अर्धी परत आलेली टोपली आठवली. मी विचारले, "मगे तांडेल तसा म्हणालो तेवा खरा कित्याक सांगूक नाय तुमी?"

"काय सांगू?" आबा म्हणाले आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागले. "बाबा रे, एवढी सगळी माणसा आंधळी झाली असती तर रापण कोणी ओढली असती? त्यापरास मी एकटो झालंय ता बरा."